इनेस ओचांदोचा वारसा आणि माझी बाहेरची खोली

मी, अवधूत रघुनाथ खांबेटे, वय सत्तावन्न, धंदा चित्रपट-वार्ताहर, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हयातभर मालिकांची परीक्षणे लिहूनही ती शाबूत राहिली, याचे डॉक्टरांनाही नवल वाटले.

१. पुतण्या चि. वरद मालिकांतून रडतो व त्यावर त्याचे बरे चालते. त्यास माझा मोठा आरसा द्यावा. दोघांचे जुने प्रेम आहे.

२. स्पॅनिश अभिनेत्री इनेस ओचांदो हिच्या चित्रपटांच्या डीव्हीडी व पोस्टरे मात्र त्याला मिळू नयेत. बाईंनी उमेदीची वर्षे दुसऱ्या नट्यांना आवाज देण्यात घालवली, मग शेजारणी आणि नर्स यांच्या भूमिका केल्या. नायिका झाल्या त्या चाळिशीनंतर. ओठाचा कोपरा हलला, तर तो दिवस त्यांच्या हिशेबी भडक. एका चित्रपटात नवरा गेल्याचा निरोप येतो, तेव्हा त्या कॅमेऱ्याकडे पाठ करतात आणि हातातल्या चादरीची घडी पुरी करतात. हा प्रसंग घरी दाखवला, तर वरद म्हणाला, "काका, ही काही करतच नाहीये! पैसे कशाचे घेते?" नाट्यशास्त्रात अभिनयाचा एक प्रकार सात्त्विक असतो, असे मी म्हणालो. "म्हणजे उपासाचा?"

३. भाची रेवा हिने ओचांदोबाईंना कधी पाहिलेले नाही. तरी यंदाच्या एकांकिका स्पर्धेत, मुलगा गेल्याचे ऐकताना तिने प्रेक्षकांकडे पाठ केली. आपल्या हौशी रंगभूमीवर हे म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात शिरणे. टाळीशिवाय ज्यांना एक्झिट पचत नाही, अशा परीक्षकांनी माईकवरून सुनावले, "बाळ, रडताना चेहरा दिसायला हवा." पोरीने नाटक सोडायचे ठरवले. तिची आई, माझी बहीण नीता, खूश. "दादा, तळोज्याला नोकरी लागतेय तिला. आता तू भर घालू नकोस."

४. भर घालीत आहे. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेतील ठेव व कलम दोनमधील सर्व संग्रह माझ्या पश्चात एकट्या रेवाचा. बाहेरच्या खोलीत मी फर्निचर केलेले नाही. तिथे तालीम होऊ शकते. मात्र नाटक करावेच, अशी अट नाही. अट घातली की माणूस चेहऱ्यावर कृतज्ञता आणतो, आणि तो अभिनय मला बघवत नाही.

५. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर वरदला माईक देऊ नये.

६. हा मसुदा रेवाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामा, तू मरायची वाट कुठे बघत बसू? चावी आत्ता दे. रविवारी मुली तालमीला येतायत." सबब, बाहेरच्या खोलीपुरते कलम चारमधील "माझ्या पश्चात" हे शब्द रद्द समजावेत. चावी दिली आहे.

सही: अवधूत रघुनाथ खांबेटे

साक्षीदार:
१. धनेश म्हात्रे, शेजारी (तालमीच्या आवाजाबद्दल तक्रार नाही, असे तोंडी कबूल)
२. डॉ. अंकिता पाटणकर

पनवेल, १२ ऑगस्ट २०२५