डोंगरराजाचे कान

७ जानेवारी
नव्या चष्म्याची खरी किंमत: काचा आणि दांड्या मिळून चौऱ्याण्णव हजार क्रोनर. अकुरेरीपर्यंत जाऊन-येऊन डिझेल. सॉसेज-पाव दोन, कारण मला भूक लागली की बायकोला, ब्योर्गलाही लागते. मग ब्योर्गने बूट घेतले. तेही चष्म्याच्याच खात्यात, कारण चष्मा नसता तर ती दुकानापर्यंत पोचली नसती.  आणि एवढं करून डोळ्यासमोरचा मधला ढग होता तिथेच.

डॉक्टर म्हणजे पोरगा. म्हणाला, डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजतोय, कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाईल. चष्म्याने फार फरक पडणार नाही. गाडी आजपासून बंद. मी म्हटलं, बाळा, जरा खिडकीबाहेर बघ. अकराला उजाडतं, तीनला मावळतं. जानेवारीत अख्खं आइसलँड आंधळं असतं. तर म्हणतो, "मी दिवा लावून तपासलंय."
दिवा लावून कोणीही तपासेल.

संकल्प: रोज दोन चमचे कॉड माशाचं तेल. गाडी हळू. कोणाला कळू द्यायचं नाही.

आणि डोळ्यांचं एवढं काय? सतराव्या वर्षी एक वळकटी घेऊन या खोऱ्यात आलो, केटिलच्या बापाकडे गडी म्हणून. आज माझ्या स्वतःच्या तीनशे मेंढ्या आहेत आणि केटिल माझा शेजारी आहे. तेवीस वर्षं मी डोंगरराजा. उन्हाळाभर सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्या डोंगरावर मोकळ्या असतात. सप्टेंबरात तीसेक माणसं घोड्यांवरून वर जातात आणि त्या हाकून आणतात. कोणी कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, हे मी सांगतो. दोन टेकड्यांपलीकडे मेंढी ओरडली तर ती कोणाची हे मी ऐकून सांगतो. माझ्या राज्यात डोंगरावर कोणी मागे राहिलेलं नाही. माणूस तर सोडाच, मेंढीसुद्धा नाही. हे कानांचं काम आहे.

३ फेब्रुवारी
हिवाळ्याची मेजवानी, शाळेच्या हॉलमध्ये. दरवर्षीप्रमाणे पोरांनी गावातल्या लोकांच्या नकला केल्या. यंदा सगळं बसवलं होतं आल्फ्रूनने, केटिलच्या मुलीने. चौतिशीची आहे, शहरातली नोकरी सोडून बापाच्या मेंढ्या बघते. जीभ चांगलीच धारदार.

एक नक्कल फार रंगली. एक म्हातारा शेतकरी, नाकावर एकावर एक दोन चष्मे. ट्रॅक्टरला टोपी काढून म्हणतो, "पाद्रीबाबा, बारीक झालात." लोक हसून हसून रडले. सगळ्यात जास्त मी हसलो. बिचारा केटिल, सख्ख्या मुलीने चारचौघांत सोलला. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, मनावर घेऊ नकोस रे. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "नाही घेत."

भाजलेलं मेंढीचं डोकं वाढलं, तेव्हा त्याने आपल्या ताटातले दोन्ही डोळे काढून माझ्या ताटात टाकले. "तुला आवडतात," म्हणाला. माझे दोन धरून चार झाले. तेलापेक्षा हे बरं औषध.

१९ फेब्रुवारी
स्नोत्रा गेली. गोठ्यासमोर जीप रिव्हर्स घेत होतो. कुत्री अलीकडे बहिरी झाली होती. आणि ब्योर्गने अंगणातला दिवा लावलेला नव्हता.
ब्योर्ग म्हणते दिवा लागलेला होता.

२० फेब्रुवारी
जमीन गोठलेली, पहारीने खणावं लागलं. केटिल आला, माझ्या हातातली पहार घेतली, खड्डा पुरा केला. जाताना ब्योर्गशी दारात कुजबुजत होता. कुजबुज म्हणजे त्यांना वाटलं कुजबुज. "किल्ल्या तू ठेव," म्हणाला. ही म्हणाली, "आणि त्याला काय सांगू?" तो म्हणाला, "हरवल्या म्हणून सांग. शोधू दे त्याला."

गाडी मीच सोडायचं ठरवलं आहे. डिझेलचा धूर पृथ्वीला चांगला नाही.

२५ एप्रिल
पंचांगातला उन्हाळ्याचा पहिला दिवस. घोट्याइतकं बर्फ. पोरांनी झेंडे घेऊन मिरवणूक काढली, सगळ्यांचे ओठ निळे. अंधाराचा त्रास आता संपला, हे मान्य. पण बर्फावरची तिरीप फार लागते. तिरिपेत कोणालाच धड दिसत नाही.

१९ मे
मेंढ्या वीत आहेत. झोप नाही, पण या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. आडवं आलेलं कोकरू आत हात घालून वळवायचं, त्याला डोळे लागतातच कुठे? आज दोन वाचवली.

मग कानांच्या खुणा. माझी खूण: डाव्या कानाचं टोक उडवायचं, उजव्या कानाला मागून खाच. केटिलची बरोब्बर उलटी, कारण दोन्ही शेतं मुळात एकाच शेताची. जन्मभर ही खूण कापत आलो. आज कॉफीच्या वेळेआधी अकरा कोकरांचे कान केले, बाहीवर रक्ताचा थेंब नाही. कोकरू तोंड माझ्याकडे करून मांडीत धरायचं ही नवी युक्ती काढली आहे, कडेने नीट दिसतं.

ब्योर्ग गोठ्यात येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी. मग विचारते, "हाफलिडी, तुझा डावा हात कुठला?" चाळीस वर्षं संसार करून हे विचारतात. दोन्ही हात वर करून दाखवले.

१७ जून
राष्ट्रीय दिन. भाषण माझंच असतं. कागद न घेता बोललो: हा डोंगर, हा वारा, आपले बापजादे. समोर गर्दी चांगली होती, शिस्तीत उभी, एक जण हलला नाही. मागून टाळ्या आल्या तेव्हा नवल वाटलं. आल्फ्रून माझा दंड धरून म्हणाली, "सुंदर बोललास. चल, लोक इकडे आहेत, कॉफीपाशी." समोर मोटारी लावलेल्या होत्या.

दोष संयोजकांचा. वक्त्याच्या तोंडासमोर मोटारी लावायच्या असतात का?

२६ जून
मेंढ्या वर सोडल्या. पायी गेलो, घाटापर्यंत. केटिल बरोबर होता. वाटेत माझ्या कोकरांजवळ सारखा रेंगाळत होता, एकेक धरून चाचपत होता. विचारलं काय बघतोस, तर म्हणे, "कोकरं गोंडस आहेत रे यंदा." म्हातारपणी माणूस हळवा होतो.

हल्ली रात्र होतच नाही. रात्री दोनला पेपर वाचता येईल असा उजेड. वाचता येत नाही. जास्त उजेडानेही डोळे दिपतात, हे त्या पोरग्या डॉक्टरला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

संकल्प: अंधार येईपर्यंत या विषयावर विचार करायचा नाही.

२४ ऑगस्ट
डोंगर समितीची सभा. चोविसाव्या वर्षीही राजा मीच. नाव केटिलने सुचवलं. कोणी विरोध केला नाही, एक जण खोकला एवढंच. शिवाय उपराजा म्हणून आल्फ्रून. उपराजा हे पद या खोऱ्यात कधी नव्हतं. राज्य वाढलं की पदं वाढतात.

सभेनंतर केटिल आमच्या स्वयंपाकघरात ब्योर्गशी बोलत होता. मी पडवीत बूट काढत होतो. तो म्हणाला, "शेवटची फेरी आहे, करू दे त्याला. मी त्याच्या घोड्याला घोडा लावून राहतो." ही म्हणाली, "आणि तुझं काय? तूही सत्तरीचा आहेस." तर म्हणतो, "मला दिसतं ना."
यातून एवढंच कळलं की माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही.

९ सप्टेंबर, डोंगरातल्या झोपडीत
पहिला दिवस उत्तम. मी हात करीन तिकडे माणसं "हो राजा" म्हणून जात होती. थोड्या वेळाने त्यांची खोगिरं भलत्याच दिशेला करकरताना ऐकू येत होती. वाऱ्यात आवाज फसवा असतो. संध्याकाळी उकडलेलं मटण, गाणी. केटिलचा खर्ज अजून छपराला लागतो.

१० सप्टेंबर, संध्याकाळी आठ, झोपडीतच
दुपारी धुकं उतरलं. इतकं दाट की घोड्याचे कान दिसेनात. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वर्षात पहिल्यांदा सगळे माझ्या बरोबरीला आले. आता आंधळी कोशिंबीर, आणि त्यात मी वर्षभराचा मुरलेला.

पूर्वेकडून मेंढ्यांचा आवाज आला. मी वॉकीटॉकीवर हुकूम दिला: सगळी रांग पूर्वेला. लगेच आल्फ्रूनचा आवाज: "कोणी जागा सोडू नका. बाबा, त्याच्याजवळ राहा." राजाच्या हुकमावर हुकूम, तोही तीस जणांना ऐकू जाईल असा.

मी यंत्र बंद करून खिशात टाकलं आणि घोडा पूर्वेला वळवला. माझ्या घोड्याला, ग्राउनीला, डोंगर पाठ आहे. केटिल मागून ओरडत होता, "अरे थांब, कडा आहे तिकडे!" मी थांबलो नाही. थोड्या वेळाने त्याच्या घोड्याचा आवाज येईनासा झाला, म्हणजे कंटाळून वळला.

पुढे मेंढ्या मिळाल्या नाहीत, त्या सरकल्या असाव्यात. पण परतताना एका घळीच्या काठाने येत होतो तेव्हा खालून एक घोगरा आवाज आला. चांगली जून मेंढी, घसा बसलेली, आमच्या खोऱ्यातली नव्हे. एवढ्या खाली उतरणं शक्य नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "थांब म्हातारे, उद्या नेतो तुला." ती पुन्हा ओरडली. जनावरालाही माणसाचा शब्द कळतो.

ग्राउनीने झोपडीत आणून सोडलं. सगळे बाहेर उभे. आल्फ्रूनने विचारलं, "बाबा कुठे?" म्हटलं, तुझ्या बापाला डोंगर काय मी दाखवायचा? येईल.

११ सप्टेंबर
केटिल पहाटे सापडला, कुठल्याशा घळीत. घोडा मेला. केटिलचा खुबा मोडला, अर्धं अंग ओढ्याच्या पाण्यात होतं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येईना, बचाव पथकाच्या पोरांनी स्ट्रेचरवरून खाली नेला. आल्फ्रून बरोबर गेली. 

उजाडायच्या आत मिळाला, म्हणजे मागे राहिला असं म्हणता येणार नाही. चोवीस वर्षांचा लौकिक शाबूत आहे.

१३ सप्टेंबर
वाटणीचा दिवस. दगडी कोंडवाड्यात सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्या, ज्याने त्याने कान बघून आपली ओढून आपल्या कप्प्यात घालायची. मी बोटांनी कान वाचत होतो, झपाट्याने. पण माझ्या मेंढ्या केटिलच्या कप्प्याच्या फळ्यांशी जाऊन ओरडत राहिल्या आणि आतून कोकरं त्यांना उत्तर देत राहिली. हळूहळू बाकीचा गलका थांबला.

आल्फ्रून हॉस्पिटलातून थेट आली होती. तिने कप्पा उघडला आणि एकेक कोकरू शिंगाला धरून माझ्याकडे आणून सोडलं. अकरा. म्हणाली, "खुणा आमच्या आहेत, कोकरं तुझी आहेत. बाबांनी जूनमध्येच पाहिलं होतं. म्हणाले, गर्दीत गुपचूप पलीकडे ढकलू, बोलायचं नाही."
मग आता का बोललीस, असं कोणीतरी तिला म्हणालं. तिने सांगितलं, "ढकलणारा आज नाहीये."

दोन खुणा इतक्या सारख्या ठेवणं हीच मुळात जुन्या लोकांची चूक. मी केटिलला माफ केलं आहे.

६ ऑक्टोबर
मागे राहिलेल्या मेंढ्यांसाठी दुसरी फेरी निघते आहे. आल्फ्रून नेणार. मला कोणी विचारलं नाही, तरी मी तिला बोलावून सांगितलं: पूर्वेच्या घळीत एक जून मेंढी आहे, घसा बसलेली, ती आण. तिने विचारलं, "नक्की काय ऐकलंस?" मी सगळं सांगितलं, मी काय ओरडलो तेसुद्धा. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. ती कॉफी अर्धी टाकून गेली. ब्योर्ग सिंकपाशी उभी होती, नळ उघडाच राहिला होता.

९ ऑक्टोबर
फेरी परत आली. चार मेंढ्या, सगळ्या पश्चिमेच्या. घळीबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर
केटिलला भेटायला गेलो, बसने. आता हॉस्पिटलातून वृद्धांच्या घरात हलवलं आहे. पुन्हा चालणार नाही. खर्ज गेला, फुफ्फुसात पाणी आहे. थट्टा तेवढी तशीच. "ये राजा," म्हणाला, "खुर्ची डावीकडे आहे. तुझ्या डावीकडे."

मी विचारलं, पडल्यावर काय केलंस रे इतका वेळ? म्हणाला, "तुला हाका मारल्या. तू ओ दिलीस की. 'थांब म्हातारे, उद्या नेतो तुला.' मला वाटलं चेष्टा करतोयस, आता उतरशील. जन्मात मला कोणी म्हातारे म्हटलं नव्हतं." आणि हसला. हसता हसता खोकला लागला, नर्स आली.

औषधांनी माणूस भलतंसलतं बोलतो. परतताना ब्योर्गला हे म्हटलं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

१ डिसेंबर
तेल घेत नाही. चष्मा कुठे आहे माहीत नाही. अंधार परत आला, आता सोपं जाईल असं वाटलं होतं.

१४ डिसेंबर
केटिलला आज पुरलं. न्यूमोनिया. पेटीला खांदा द्यायला मला आल्फ्रूनने स्वतः सांगितलं. ब्योर्गने कोपर धरून ठेवलं होतं, एकदाच ठेचकाळलो.

चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती. पुढच्या वर्षी राजा आल्फ्रून, हे तिथेच ठरलं, बरं झालं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, त्या घळीत तुम्ही उतरला होता का. म्हणाली, दोनदा उतरलो. पुढचंही सांगितलं. त्या घळीत मेंढी नव्हती.