दगाचे नव्याने परीक्षण

मी, उज्ज्वला दगा बोरसे, वय बासष्ट, राहणार कोसाड, सुरत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. नवरा दगा शेजारी बसून घाई करतो आहे, पण ते दडपण नव्हे. त्याला भूक लागली आहे.

१. कोसाडचा फ्लॅट आणि बँकेतील ठेव दगाला. माझी इंग्रजी पुस्तके मुलगी दिपालीला. ती गुजरातीतूनच भांडते, तरी असू देत.

२. नानपुऱ्यातील वडिलांच्या घराचा अर्धा हिस्सा माझा. उरलेला अर्धा भाऊ श्रीरंगचा, आणि तो तिथेच राहतो. याविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल.

कॉलेजात असताना मी कतारगामच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये इंग्रजी सिनेमे माइकवरून मराठीत सांगत असे. समोर सगळे यंत्रमागावरचे खानदेशी कामगार. एकदा एक थरारपट लागला, त्यात बँकेचा कॉम्प्युटर बिथरतो आणि दारे लावून माणसांना आत कोंडतो. ऐन रंगात त्यांच्यातल्याच, भिंतीशी बसलेल्या दगाने मागावरच्या सवयीने मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चपला शोधू लागले.

"हे काय केलंत?" मी विचारले.

"मशीन पिसाळनं, मंग बंद नई करानं का?"

असा माणूस सोडणे मला शक्य नव्हते.

श्रीरंग तेव्हा एका साप्ताहिकात परीक्षणे लिही. त्या सिनेमाला त्याने "बुद्धीचा अपमान" म्हटले, आणि माझ्या लग्नालाही तेच.

"उजू, तो माग चालवतो."

"तू टाइपरायटर चालवतोस. त्याचं कापड निदान अंगाला तरी येतं."

आता तो सिनेमा जगभर अभिजात ठरला, तेव्हा श्रीरंगही व्याख्यानांत त्याला "काळाच्या पुढचा" म्हणतो. दगाविषयीचे मत मात्र जुनेच. आजही त्याला उंबऱ्यावरूनच "बरंय ना?" विचारून वाटेला लावतो.

३. सबब श्रीरंगने दगावर नवे परीक्षण लिहून माझ्या तेराव्याला, त्याच्यासमोर, सर्वांदेखत वाचावे. "काळाच्या पुढचा" चालणार नाही. दगा कशाच्याच पुढे नसतो, रस्त्यातसुद्धा माझ्या मागून चालतो. वाचले, तर माझा हिस्सा श्रीरंगचा.

न वाचल्यास हिस्सा दगाचा, आणि त्याने त्याच घरात राहायला जावे. सकाळचा चहा तोच करतो. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने बोलतो मोठ्याने. श्रीरंगला मत बनवायला भरपूर वेळ मिळेल.

वरील मजकूर मी वाचून सही केली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, हसतानाही पाहिले.

सही: उज्ज्वला दगा बोरसे

साक्षीदार:
१. हेमराज देवरे, शेजारी, कोसाड
२. कलाबाई सोनवणे, शेजारीण, कोसाड

सुरत, ९ फेब्रुवारी २०२५