न चढलेल्या पायऱ्या

प्रिय मैना,

शाळेत बडबडीपायी पडलेलं तुझं हे नाव आता लेकाच्या घरी कुणी घेत नसेल, म्हणून मीच घेते. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी देवाच्या दयेनं बरं आहे. कालच्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर लिहितेय, मागची बाजू कोरी होती, हसू नकोस.

कॉलेजला सव्वाशे वर्षं होतायत, त्याचा इतिहास छापतायत. आपल्याला माहीत नव्हतं असं बरंच निघालं. पाच हिंदू व्यापाऱ्यांनी देऊळ बांधायला दगड आणले होते. त्यांतल्या एकाची विधवा बहीण म्हणाली, देवाला घर आहेच, पोरांना शिकायला जागा नाही. त्या दगडांच्या झाल्या कॉलेजच्या पायऱ्या. म्हणून तर शेवटच्या दिवशी प्रत्येक पदवीधर प्रार्थनागृहातल्या समईसमोर मोठ्या वहीत सही करतो. या वहीत आजवर एकही नाव चुकलेलं नाही, असं प्रस्तावनेत लिहिलंय म्हणे.

मी मात्र कॉलेज ऐकलंच फक्त. दोघींचे अर्ज एकाच दिवशी भरले होते आपण, आठवतं? बाबा म्हणाले, मॅट्रिक झालीस, घर चालवता येईल, पुष्कळ झालं. आणि सासरचं घरही मिळालं ते नेमकं कॉलेजच्या मागचं. तिसऱ्या तासाची घंटा झाली की तांदूळ धुवायचे, शेवटच्या घंटेला दिवा लावायची तयारी. घड्याळ बिघडलं तरी माझं काही अडलं नाही. रोज सकाळी लांबूनच त्या पायऱ्यांना हात जोडते, चढले कधीच नाही.

चार वर्षं तू सुटल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायचीस आणि दिवसभराचं शिकलेलं सगळं ओतायचीस. मी निवडत, चिरत ऐकायचे. सासूबाई म्हणायच्या, ही आली की दूध उतू जाणार. जायचंच. शेवटच्या दिवशी बोटांना शाई माखून आलीस आणि म्हणालीस, झालं गं आपलं. 'आपलं' म्हणालीस. तू गेल्यावर तो शब्द मी कितीतरी दिवस जपला.

परवा कॉलेजचे ग्रंथपाल घरी आले. आजी, जुन्या पदवीधरांत तुमचं नाव आहे, फोटो हवा, म्हणाले. मी म्हटलं, दार चुकलात. त्यांनी मोबाईलवर वहीचं पान दाखवलं. तुझ्या सहीखाली माझं माहेरचं नाव, तुझ्याच तिरक्या अक्षरात. मी खरं ते सांगितलं. ते हसले. राहू द्या, कोण बघतंय? मी म्हटलं, वरचा बघतोय. तर म्हणतात, एवढी वर्षं बघूनही तो काही बोलला नाही.

मैना, देवासमोरच्या वहीत खोटं ठेवून मला जप करवत नाही. पुढच्या महिन्यात पुस्तक छापखान्यात जाईल, त्याआधी ते नाव खोडायला हवं. ग्रंथपाल म्हणाले, मी खोडतो, तुम्ही कशाला त्रास घेता. मी नको म्हटलं. जिनं लिहिलं तीच येऊन खोडेल, असं सांगून बसलेय, तुला न विचारता. तेव्हा तू ये. खोडण्याआधी एकदा ते पान मला डोळ्यांनी बघायचंय, आणि त्या पायऱ्या मला एकटीनं चढता येणार नाहीत. अर्ज भरला त्या दिवशी आपलं बरोबरच चढायचं ठरलं होतं ना?

तुझीच,
खिडकीतली