पांढरा पासपोर्ट आणि कोगनोळीची हद्द

२ ऑक्टोबर, सामायिकाच्या ध्यानानंतर
सून रूपाली फलोत्पादन खात्यात अधिकारी आहे. खाते तिला बारा दिवस हॉलंडला पाठवीत आहे. आज तिचे साहेब आमच्याकडे, सदलग्यास, जेवावयास आले होते. त्यांना अहिंसेवर पाऊण तास सांगितले. निघताना ते म्हणाले, "आप्पा, तुमच्यासारखी माणसं शिष्टमंडळात पाहिजेत." अर्थ स्पष्ट आहे. सरकारी निवड अशी सूचकपणेच होते.

५ ऑक्टोबर
सरकारी कामासाठी परदेशी जाणाऱ्यास पांढरा पासपोर्ट मिळतो, इतरांस निळा. शुभ्र हा निर्मळतम मनाचा वर्ण. खात्यास शास्त्र ठाऊक दिसते. रूपाली म्हणाली, आप्पा, तो नोकरीतल्यांनाच मिळतो, काम झालं की जमा करायचा. तिचा अनुभव कमी. मी तेहतीस वर्षे अनुदानित शाळेत संस्कृत शिकविले. पेन्शन सरकारचे, मग माणूस कोणाचा? फोटो काढून घेतले.

६ ऑक्टोबर, पहाटे
एक अडचण. अकरा वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले आहे. ठरविलेल्या सीमेबाहेर आजन्म पाऊल टाकावयाचे नाही. उत्तरेस दूधगंगा, दक्षिणेस बेळगाव, पूर्वेस अथणी, पश्चिमेस कोगनोळी नाका. वर बस्तीचे, म्हणजे आमच्या जैन मंदिराचे, शिखर. मोटार लागण्याचा त्रास त्याच वर्षी वाढला होता, हा योगायोग.

८ ऑक्टोबर
तोडगा सापडला. अथणीपर्यंत जाण्याची सूट मी कधी वापरलीच नाही. ती पश्चिमेस जोडावी. हॉलंड थोडे अधिक भरते. अशा जोडणीस शास्त्र दोष मानते, परंतु तो स्वतःच्या प्रवासास. राज्याने धाडलेला मनुष्य स्वतः जातच नाही. बस्तीत चातुर्मासास असलेल्या मुनिमहाराजांस विचारले. ते नुसते हसले. मौन हीच संमती.

१४ ऑक्टोबर
बस्तीत सत्कार. शाल, नारळ, नंतर शिरा. मी दोनदा नको म्हणालो. माझा जुना विद्यार्थी भरमा म्हणाला, "गुरुजी, पासपोर्ट दावा की." सरकारी कागद असे दाखवीत नाहीत, असे सांगितले. घरी राजमती म्हणाली, "अवो, तुमास्नी बलिवलंय तरी कुनी?" सौभाग्यवतीस शिष्टमंडळांची सवय नाही.

२३ ऑक्टोबर
पासपोर्ट आला. पांढरा. एकच. माझा विमानतळावर हाती देणार असावेत.

२७ ऑक्टोबर, दुपार
गावाने हार घालून निरोप दिला. चिरंजीव सन्मती गाडी चालवीत होता. विमान कोल्हापूरहून. निपाणी मागे पडताच मळमळू लागले. व्रताचा इशारा. नाका दिसू लागला तशी रूपाली हळूच म्हणाली, "आप्पा, यादीत सहा नावं हायत. तुमचं न्हाय. किती येळा सांगू वो?" मी गाडी थांबविण्यास सांगितले. व्रतासाठी निवड नाकारीत आहे, असे जाहीर केले व हारासकट उतरलो.

गावी जाणे शक्य नाही. तेथे मी हॉलंडात आहे. धाकटी बहीण मंगल कोगनोळीतच असते. बारा दिवसांचा मुक्काम.

३१ ऑक्टोबर
गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी भोजन. परदेशी हे मिळाले नसते. गिरणीत जोंधळे दळावयास गेलो तो पाहुण्यांकडे आलेला भरमा समोर. "गुरुजी, हॉलंडास्नं कवा आलासा?" मार्गात आहे, असे म्हणालो. ते असत्य नव्हे.

८ नोव्हेंबर
काल घरी आलो. रूपालीही आली. आज सकाळीच तिने पासपोर्ट कार्यालयात जमा केला. काम संपल्यावर असे पद जवळ ठेवू नये. मीही शाल परत करावयास बस्तीत गेलो. भरमाने ती पुन्हा माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. तुमी जानार न्हाईसा हे सगळ्यास्नी ठावं हुतं. शिरा खायाला आलतो आमी. म्हाराज तर त्याच दिशी म्हनालते, कोगनोळीच्या म्होरं गुरुजींना मोटार लागती."

शाल घेऊन परत आलो. अथणीची सूट अद्याप शिल्लक आहे. तेथे रेल्वे जाते का, असे राजमतीस विचारले.

न्हाय, म्हणाली.