खुराड्याच्या फळ्या

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. वहिनीची कंबर आता कशी आहे?

तू पाठवलेल्या फळ्यांचं खुराडं उभं राहिलं. पण कोंबड्या आत जाईनात. दाणे टाकले, दटावलं, शेवटी एकेकीला उचलून आत ठेवलं. सकाळी बघते तर त्यांच्या पायांना फोड.

दुपारी ऊन तापलं आणि फळ्यांतून डांबरासारखा वास सुटला. मी कापलेल्या टोकाला नाक लावलं. रुळांखालचे जुने स्लीपर! ते विषारी तेल पाजलेलं लाकूड बाबा वखारीच्या दारातून आत येऊ देत नसत. सुताराला विचारलं, तर म्हणतो, "तुमच्या दादांचा माल, मी कशाला बोलू?"

तुझा भयंकर राग आला. वाटलं, बहिणीच्या गळ्यात भंगार मारलंस.

मग मागच्या महिन्यातलं आठवलं. तू आमच्या स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होतास आणि शेगडीवर दूध करपत होतं. मी अंगणातून धावत आले, तर तू विचारलंस, "काय गं, काय झालं?" पेपरात तोंड खुपसलं की घर जळलं तरी तुला कळायचं नाही, असं मी चिडवलं. तू हसलास, पण जरा उशिराच.

दादा, दिवाळीत आलेल्या त्या तापानंतर तुला वास येत नाही ना?

बाबांनी आपल्याला लाकूड ओळखायला एकच शिकवलं, ताजं टोक हुंगायचं. गिऱ्हाईक आलं की तू अजूनही टोक नाकाशी नेतोस आणि मान डोलावतोस. मला त्याचीच भीती वाटते.

वहिनी फोनवर म्हणाली, बालवाडीच्या कुंपणाचं काम तुला मिळालंय. माझ्या फळ्या ज्या गाडीतून आल्या, त्याच गाडीतला माल तिथे जाणार आहे का? तिथली पोरं कुंपणाला लोंबकळतात, फळ्या चावतात. एकही फळी हलवू नकोस. महाग पडला तरी सागाचा गाभा देऊ. आणि त्या फळ्या जाळूही नकोस, धूरही वाईट.

सोमवारी पहिल्या बसने येते. वहिनीला काही बोललेले नाही. तू गिऱ्हाइकाशी बोल, मी शेजारी उभी राहून हुंगेन. बाबांनी वखार तुला दिली म्हणून मी कित्येक वर्षं कुढले. ते आता राहू दे.

पण तू नाही म्हणालास, तर बालवाडीच्या बाईंना मीच जाऊन सांगेन. मग तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल.

तुझ्यावर रागावलेली, तुझ्यासाठी घाबरलेली,
तुझी धाकटी