आठवं मंगलाष्टक

२८ एप्रिल
सात झाले. आठवं अडलं.
चार ओळींचं काम, बाप्पा. वॉर्डातल्या कितीतरी पोरींच्या लग्नाचे मंगलाष्टकं मीच लिहिले. लोक येतात, नवरा-नवरीचे नावं सांगतात, चहा संपेपर्यंत पहिलं कडवं झालेलं असते. अन् घरच्या पोरीच्या वेळी हात लुळा पडला.
नेहा ऑफिसातून आली तशी दारातूनच म्हणे, मावशी, हो गया क्या? होईन म्हटलं.

३० एप्रिल
पत्रिका आल्या. पहिली गणपतीपुढं, दुसरी ताईच्या फोटोपुढं. नेहानंच ठेवली. हात जोडून उभी राह्यली, नवख्या पाहुण्यासमोर राहावं तशी. तिले काय आठवणार? ताई गेली तेव्हा दीड वर्षाची होती.
अन् मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात. रोज राजेगाववरून गोंदियाची बस. घरच्यांनी ठरवलं, पोरीले परकी सावत्र माय नको, मावशीच बरी. मले कोणी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. बस सुटली ती सुटलीच. वृत्तं तेवढी सोबत आली.

२ मे
सातवं बापाचं, आठवं मायचं असते. आमच्या इकडं शेवटचं तेच, नावासगट. बापाचं नाव लिहून झालं, त्यात काय अडते? मायचं लिहू तं कोणाचं लिहू?
आज एक ओळ आली:
गेली सोडुनि लेकरू चिमुकले देवाघरी माउली
वृत्तात चोख. यायले वाचून दाखवली तं हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, लग्न आहे का तेरवी? खोडली.
ताई माय म्हणून मले एकाच गोष्टीत आठवते, नेहाले पायावर घेऊन आंघोळ घालताना ती हसे. त्यावर कडवं होत नाही.

३ मे
उन्हानं जीव काढला. कूलर गरम हवाच फेकून राह्यला. आतल्या खोलीत आंदणाचे डबे, गाद्या, मिक्सर. त्यातच जागा करून बसते. हलले का काहीतरी पडते.
गळ्यातली पुतळी टोचते. घामानं दोरा भिजते अन् मानेले लाल पट्टा पडते. दुसरेपणाच्या बाईनं मेलेल्या पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी गळ्यात घालाची, हे माह्या आजीच्या आधीपासूनचं. पहिला घास तिले दाखवाचा. नवं लुगडं आधी तिले लावाचं, मंग आपण नेसाचं. मी सारं केलं. सवत असती तं भांडले तरी असते. बहिणीशी काय भांडू, अन् मेलेल्या?
आता ओळ लिहाले घेतली का हात आपोआप गळ्याकडं जाते. शब्दही आधी तिलेच दाखवाचा. तिले दाखवला का मरते.

५ मे
हे म्हणे, एवढा काय इचार, 'एकीनं जन्म दिला, एकीनं वाढवलं' असं टाक अन् मोकळी हो.
ट्रकच्या मागं लिहितात तसं. म्हटलं, तुम्हीच म्हणा मंग माइकवर. रात्रीची भाजी मुद्दाम खारट केली, हे मी इथं लिहून ठेवते.

६ मे
कटंगीवरून दादा आला. आमचा दोघींचा एकच भाऊ, नेहाचा मामा. सोबत घरच्या धानाचे तांदूळ, अक्षतांसाठी. हळद कालवता कालवता म्हणे:
"शोभीचं नाव माइकवर आलं पाह्यजे, गीता. नाही तं लोक म्हणतीन, बहिणीनं बहिणीले पुसून टाकलं."
माह्यं नाव आलं नाही तं लोक काय म्हणतीन, हे त्याले सुचलंच नाही. मले खूप राग आला. हौ म्हटलं अन् परात उन्हात ठेवली.
शोभा, गीता. दोन्ही नावं वृत्तात एकाच जागी फिट बसतात, एक मात्राही हलत नाही. वृत्तही कोणाची बाजू घेत नाही, मेलं.

७ मे
कूलरमध्ये पाणी टाकताना बादलीचा दांडा अडकून पुतळीची कडी तुटली. यायनं नेहाच्या पैंजणासंग सोनाराकडं देऊन दिली. लगीनसराई आहे, दोन-चार दिवस लागतीन म्हणे.
जेवाले बसले, घास घेऊन हात गळ्याशी गेला. तिथं काही नाही. घास तसाच धरून बसले. मंग खाल्ला.

८ मे
दुपारी नेहा गाडी नसल्यानं जुनी सायकल घेऊन गेलती. आली तं घंटी वाजवली, शाळेत असताना वाजवे तशी. मी उठून चहाचं भांडं ठेवलं अन् उभ्या उभ्या पीठ लागलेल्या हातानं लिहिलं:
घंटी सायकलीचि ऐकुनि घरी टाके चहा माउली
चहा उतू गेला. लगेच दुसरी:
शाळेला निघता तशीच पळते मागे डबा घेउनी
नेहाले वाटलं मले भोवळ आली, मी ओट्याले धरून रडत होते.

९ मे
तिसरी:
रात्री ताप चढे, उशाशि बसुनी, जागे तिची माउली
ही माहीच. मलेरियाची ती रात्र, मीठ-पाण्याच्या घड्या. ताई त्यात कुठंच नाही. तिन्ही ओळीत नाही.
सकाळपासून आनंदात होते. संध्याकाळी भेव सुरू झालं. पुतळी सोनाराकडं गेली तवाच ओळी काहून आल्या? पुतळी नाही तं घास गोड लागून राह्यला, हेही खरं. बहिणीच्या जाण्यानं संसार भेटला, आता तिच्या जाण्यानं कविता भेटली. असं लिहिलं अन् वही मिटली.

१० मे
चौथी येत नाही. चौथीत नाव. आठव्याची चौथी ओळ संपली का अंतरपाट खाली येते, साऱ्या मांडवाच्या मुठीत अक्षता असतात. ओळ नसली तं हात वरच राहतीन.
पुढं ढकलता येत नाही, आठवड्यात धोंड्याचा महिना लागते. एकदा वाटलं, सातच म्हणावे. पण व्याही तुमसरचे, मोजून ऐकणारे.

११ मे
दादाले माहा मोकळा गळा दिसला. लग्नाच्या तोंडावर पुतळी उतरवली? सोनाराकडं आहे म्हटलं तरी ऐकेना. मांडवाले जांभळीच्या डांगा बांधता बांधता बोलत राह्यला. पाहुण्यांसमोर. नेहा मेंदीचे हात घेऊन दारात उभी होती. सारं ऐकलं तिनं.
मी आत येऊन डब्यांमधे बसले. लिहिलं काहीच नाही. शोभा लिहिलं, खोडलं. गीता लिहिलं, खोडलं. कागद फाटला तिथं.

१२ मे
हळद झाली. सोनाराकडून पैंजण अन् पुतळी आली. मी हात पुढं केला, नेहानं पुतळी दिली नाही. म्हणे कल देखेंगे.
चौथी नाही.

१३ मे, दुपार
वरात दाराशी आली. बँड ऐकू येऊन राह्यला. पाच मिनिटं आहेत, घाईत लिहिते.
नेसाले नवं लुगडं काढलं. सवयीनं हात गळ्याकडं. नेहा शालूत तयार होऊन बसलेली, उठून आली. तिनं लुगडं माह्या हातातून घेतलं अन् सरळ माह्या खांद्यावर टाकलं. मी म्हटलं, अवं, आधी ताईले. तं तिनं शालूचा काठ सरकवून दाखवलं. पुतळी तिच्या गळ्यात. नव्या काळ्या दोऱ्यात, मोहनमाळेच्या आत लपवून.
म्हटलं, पोट्टे, हे सवतीनं घालाचं असते, नवरीनं नाही, अपशकुन होते, मामा जीव घेईन.
म्हणे, "सवत तेरी होगी, मावशी. माही तं माय आहे. मी घेऊन जाते तिले."
मंग म्हणे, आठवं जसं येईन तसं म्हण. बस, झूठ मत बोलना.
मावशीच म्हटलं. शेवटपर्यंत मावशीच.
मले मोकळं वाटाले पाह्यजे होतं. नाही वाटून राह्यलं. इतक्या वर्षांचा तो पट्टा मानेवर तसाच आहे, त्याच्यावरून हवा लागते अन् थंडी वाजते, या उन्हात. ताईवर राग होता तोवर मले धरून उभं राहाले काहीतरी होतं.
कागदावर तीन ओळी. चौथीची जागा कोरी. दादानं माइक लावला, हॅलो हॅलो करून राह्यला. मांडवात माणूस मावत नाही. विहीणबाईच्या मुठीत अक्षता मी खिडकीतून पाह्यल्या.
शोभा. गीता. दोन्ही बसतात. माइकसमोर तोंडी जे येईन ते खरं.
दादा आवाज देऊन राह्यला. चालले.