मी काल डोंगरावर पळालो

सानपाडा गाव,
सोमवार (उभं राहता येत नाही, म्हणून बसून)

तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही वयाने लहान, चिरंजीव म्हणावं तर रागाने मोठे, तेव्हा नुसतेच हौसेराव यांस,

गोटीरामचा रामराम. इकडे सगळं क्षेम आहे, माझे दोन गुडघे सोडून. तिकडे सुचिता, मुलं आणि तुमचा राग ठणठणीत असतील अशी आशा आहे. 'तुम्ही' लिहितोय म्हणून दचकू नका. बायकोच्या धाकट्या भावाला मी आजवर अरे-तुरेच केलं, पण ज्याच्याशी बोलणं बंद असतं त्याच्याशी अदबीने वागावं. (तुमच्या तेजसच्या हळदीत घरच्या जावयाच्या आधी नगरसेवकाला टॉवेल-टोपी दिली गेली आणि जावई न जेवता उठला. तुमचा उंबरा ओलांडणार नाही, असंही तो म्हणाला. मी ते विसरलोय, सहज आठवलं म्हणून लिहिलं.) फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय, म्हणून हा कागद. आमच्या जागृतीचं लग्न माघात ठरलंय, ते कानावर आलं असेलच. नवरीला मामा बोहल्यावर आणतो; मामा आला नाही तर मी खोलीतून उठणारच नाही, असं तिने जाहीर केलंय. मामा तिला एकच, आणि तोही तुम्ही. तुमच्या बहिणीने, विमलने तर दोन्हीकडचा राग माझ्या डब्यावर काढायला घेतलाय, रोज दुधी. पण ते असो. सांगायचं होतं वेगळंच. मी काल पळालो.

म्हणजे घरातून नव्हे, डोंगरावर. हल्ली आपल्या डोंगरांवर लोक पैसे भरून धावतात. गुरं चुकली की आपण तिथेच फुकट धावायचो, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू विपुल अशा शर्यतींना जातो. काका, मजा म्हणून चला, असा त्याने फार आग्रह केला, आणि भाडेकरूचं मन मोडवत नाही. टी-शर्ट मिळाला तो पोटाशी येऊन थांबला. सुरुवातीला एका बाईने सगळ्यांकडून हातपाय ताणून घेतले. ते संपलं तेव्हा मला वाटलं शर्यतच संपली, मी चहा कुठे आहे विचारलं. मग शिट्टी वाजली आणि पहिल्या चढालाच सगळे दिसेनासे झाले. मागे राहिली एकटी बतूल मॅडम. ही खांदेश्वरची शाळामास्तरीण. शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं, तो हरवू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. तिचा माणूस कोण, हे तिला फार लवकर कळलं. बिचारी दर वळणाला म्हणायची, "काका, आरामात. टेन्शन नको." आराम मी आधीपासूनच करत होतो. उतारावर मुरुमावरून पाय सुटला तो सरळ बसूनच खाली आलो. (ते अंतर मी शर्यतीत सगळ्यांत वेगाने कापलं, मॅडम साक्षीला आहेत.) त्यात उजव्या बुटाचा तळ निघून जिभेसारखा लोंबायला लागला.

तर असा फटफट करत मी नावड्याला उतरतो, तो रस्ता दाखवणारी लाल फीत तुमच्याच शेवग्याला बांधलेली. आता तुम्हीच सांगा, सासरवाडीच्या दारावरून जावई पाणीसुद्धा न पिता पळत गेला तर गाव काय म्हणेल? मी फक्त तांब्याभर पाणी मागितलं. सुचिता बाहेर आली आणि तिने पाटच मांडला. "दाजी, आलाव तं जेवल्याबिगर जायचा नाय." मी ओटीवर बसलो. ओटी उंबऱ्याच्या बाहेर असते, तेव्हा शब्द मोडला असं कुणी म्हणू नये. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, वर जवळ्याची चटणी. मॅडमला मला सोडून जायची परवानगी नाही, म्हणून त्याही पंगतीला बसल्या. मध्येच आयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, की शेवटचा धावपटू सुखरूप आहे आणि भात घेतोय.

तुम्ही पनवेलला गेलाय, असं सुचिता म्हणाली. मी विश्वास ठेवला. तुमची स्कूटर दारात होती, चष्मा ओटीवर होता आणि माळ्यावर कुणीतरी तीनदा शिंकलं, तरी ठेवला. मग जरा डोळा लागला. उठून बघतो तर बुटाचा तळ जाळ्याच्या दोरीने पक्का आवळलेला. सुचिता म्हणाली, मीच बांधला. हौसेराव, तशी उलटी गाठ खाडीवर एकटा तुमचा बाप मारायचा आणि त्याने ती एकाच मुलाला शिकवली. मला भरून आलं. मॅडमना मी सांगितलं, चटणी तिखट होती.

शर्यत पुरी केली. पोचलो तेव्हा कमान उतरवून टेम्पोत घालत होते, तरी विपुलने गळ्यात पदक घातलं आणि मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सुचिताला सांगा, कालवण विसरणार नाही. तुम्हाला काय सांगू? गुडघे वाचव, माळ्यावर फार चढू नको.

तुझा (हात सवयीने घसरला),
गोटीराम

ता. क. : विपुलने आग्रह-बिग्रह काही केला नव्हता. शर्यतीचा नकाशा तो मोबाईलवर बघत होता, त्यातली रेघ तुझ्या दारावरून जाताना दिसली, म्हणून मीच त्याच्या मागे लागून नाव घातलं. एवढा डोंगर चढून आलो, जेवलो, आणि जे बोलायला आलो होतो तेच बोललो नाही. लग्नाला ये रे. तुझ्याशिवाय पोरगी उठायची नाही, आणि खरं सांगतो, मलाही उभं राहवणार नाही.

दुसरा ता. क. : हे पत्र टपालात टाकलेलं नाही. ते तुझ्या हातात देणारी जागृती अजून समोरच उभी आहे, डोळे पुसून मान वर केलीस की दिसेल. तिला ओटीवरच थांबवू नकोस.